उशिरा दिलेला खो

सतराव्या वर्षी मी खो-खो सोडला. त्यानंतरची चौदा वर्षं कोणीही विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असे. त्या खेळात काही ठेवलेलं नाही. नोकरी नाही, पैसा नाही, टीव्हीवर कोणी दाखवत नाही, गुडघे मात्र जातात. यातलं बरंचसं खरं होतं. पण मी खेळ सोडला तो यातल्या कशासाठीच नाही, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं.

आमचं घर रायपूरच्या गुढियारीत. स्टेशनच्या त्या बाजूला शहर, या बाजूला आम्ही, मध्ये रूळ. आजोबा रेल्वेच्या नोकरीत नागपूरहून इकडे आले आणि निवृत्त झाल्यावरही परत गेले नाहीत. पहाडी चौकाच्या आसपासची किराण्याची ठोक दुकानं, ट्रकमधून उतरणारी पोती, सुक्या मिरचीचा ठसका, पावसाळ्यात पाण्यानं भरणारा अंडरब्रिज, यांतच मी वाढले. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी, शाळेत हिंदी. गणपतीत चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गेलं की माझ्या मराठीला लागलेला इथला हेल लगेच ओळखू येई. खो-खो मात्र तिन्ही भाषांत खो-खोच होता.

आजी अमरावतीची. तिथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलं, हे सांगताना तिचा आवाज बदलायचा. मी मैदानावरून लाल मुरमानं माखलेले पाय घेऊन आले की आई ओरडायची आणि आजी स्वतः पाणी काढून द्यायची. खेळाचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं बसवले, हे मला पुष्कळ नंतर वाचून कळलं.

१ नोव्हेंबर २०००ला छत्तीसगढ वेगळं झालं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. राज्य नवं म्हणजे राज्याचे संघही नवे. आता निवड आपल्याच मैदानांवर होणार, असं शाळेतले खेळाचे सर आम्हाला सांगत. मी तेव्हा शाळेतली सगळ्यात चपळ पळणारी होते. पळणाऱ्या संघाच्या तिघी एकदम आत उतरतात. समोर मधल्या पाटीवर आठ जणी बसलेल्या, एकीचं तोंड इकडे तर पुढचीचं तिकडे, आणि नववी तुमच्या मागे. तिला पाटी ओलांडता येत नाही, घेतलेली दिशा सोडून मागे वळता येत नाही. पळणारीला ही बंधनं नसतात. एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून अशी साखळी धरून पळताना मला मागच्या मुलीचा श्वास ऐकू यायचा, आणि तो जवळ आला की मी खांदा एका बाजूला टाकून दुसऱ्या बाजूनं निघून जायची. त्या वेळी आपल्याला वजन आहे असंच मला वाटत नसे. पुढे कशातच मला तसं सुख मिळालं नाही, लग्नात नाही, नोकरीत नाही. हे लिहायला जड जातं, पण खरं आहे.

तेराव्या वर्षापासून मी झपाट्यानं उंच झाले. या वयात हाडं आधी लांबतात आणि बाकीच्या शरीराला त्यांच्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. काही महिने तोल आणि अंदाज दोन्ही बिघडतात. तेव्हा हे मला कोणी सांगितलं नाही. खांबाला वळसा घालताना हात जिथे पोचेल असं वाटे, तिथे तो पोचत नसे. सरांनी मला पळणाऱ्या पहिल्या तिघींतून काढून शेवटच्या तिघींत टाकलं. तोवर आमचा संघ बसायला उतरला की मी खांबाजवळ असे, सूर मारून गडी टिपायची. तिथूनही उठवून मला मधल्या चौरसात बसवलं. बसावं तर प्रत्येकीलाच लागतं. पण मधे बसणारी म्हणजे जिच्याकडे फार काही मागायचं नसतं ती, अशी माझी समजूत होती.

आणि त्याच वर्षी पाळी सुरू झाली.

आमचा गणवेश पांढरा होता. पांढरा शर्ट, पांढरी हाफ पॅन्ट. मैदानावर या विषयाचं एक अक्षर बोलण्यासारखं कोणी नव्हतं. पळताना मला भीती नसे. कोणी काही बघेल त्याच्या आत मी पुढे गेलेली असे. पण पाटीवर उकिडवं बसायचं, दोन्ही हात जमिनीला टेकवायचे, खो मिळेपर्यंत हलायचं नाही, आणि पाठ अर्ध्या प्रेक्षकांकडे. नऊ मिनिटांचा एक डाव असतो. त्या दिवसांत ती नऊ मिनिटं मी खेळाकडे पाहतच नसे. माझं सगळं लक्ष माझ्या पाठीमागे असायचं.

एकदा व्हायचं ते झालं. शाळाशाळांचे सामने होते. डाव संपल्याची शिट्टी झाली, मी उठले आणि मागून मुलांचं हसणं ऐकू आलं. ते कशाला हसताहेत हे कळायच्या आधीच आमच्या संघातली एक लहान मुलगी, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटी, अगदी माझ्या पाठीला चिकटून चालू लागली. मैदानाच्या कडेपर्यंत ती तशीच, माझ्या पावलात पाऊल टाकत आली. एक शब्द बोलली नाही. नळापाशी पोचल्यावर तिनं पिशवीतली स्वतःची ओढणी काढून माझ्या कमरेला बांधली.

तिचे उपकार मानायचे सोडून मी तिचा दुस्वास करू लागले. तिनं पाहिलं होतं, एवढाच तिचा गुन्हा. शिवाय ती लहानखुरी होती, हलकी होती, आणि पळणाऱ्या पहिल्या तिघींतली माझी जागा तिला मिळाली होती.

पुढच्या मोसमात मी एक गोष्ट केली, ती आजवर कोणाला सांगितलेली नाही. खो कधी द्यायचा याला एक नेमकी वेळ असते. पळणारी बसलेलीच्या अंगावरून जात असते, त्याच क्षणी मागून हात लावून मोठ्यानं खो म्हणायचं. लवकर दिला तर पळणारी सावध होऊन वळते. अर्धं पाऊल उशीर केला तर बसलेली उठते आणि तिच्यासमोर कोणीच नसतं. मोकळ्या मैदानाकडे धाव घेऊन ती बावळट दिसते. चूक तिची वाटते. उशिरा दिलेला खो बाहेरून दिसत नाही, तो फक्त देणारीला आणि घेणारीला कळतो. मी एकाच सामन्यात दोनदा तिला अर्धं पाऊल उशिरा खो दिला. सरांनी सगळ्यांसमोर तिला बोल लावले. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. तो सामना आम्ही हरलो.

आपल्या मराठीत एखाद्याच्या कामात मोडता घालणं याला खो घालणं म्हणतात. आजीच्या तोंडी हे सारखं असे, अमक्यानं सोयरिकीत खो घातला, तमक्यानं बदलीत. खेळात मात्र खो द्यायचा असतो, आपली धाव दुसरीच्या हाती सोपवायची असते. एकाच शब्दाला हे दोन अर्थ आहेत हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्या दिवशी मी दिल्यासारखं दाखवून घातला.

२००८मध्ये बारावीचं निमित्त करून खेळ सोडला. गुडघा दुखत होता हे खरं, पण तो सोडण्याइतका दुखत नव्हता. मग वर सांगितलेलं उत्तर तयार झालं आणि वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालं की तेच मला खरं वाटू लागलं. मामेभावाच्या मुलीनं खो-खोत नाव घातलं तेव्हा मी तिच्या आईला फोनवर अर्धा तास समजावलं, बॅडमिंटनला घाला म्हणून. त्यांनी ऐकलंसुद्धा. याची मला आज खंत वाटते.

६ ऑक्टोबर २०२२ला राज्यात छत्तीसगढिया ऑलिंपिक सुरू झालं. चौदा खेळ, बहुतेक मातीतले: गिल्ली-दांडा, पिट्टूल म्हणजे आपली लगोरी, बांबूवर चढून चालायची गेडी, भौंरा म्हणजे भोवरा, फुगडी, कबड्डी, खो-खो. वयाचे तीन गट, अठराच्या आतले, अठरा ते चाळीस आणि चाळिशीपुढचे. सुरुवात गल्ली-वॉर्डातूनच होती. एका संध्याकाळी दारात ती उभी, तीच. आता दोन गल्ल्या सोडून राहते, शिवणकाम करते. इतकी वर्षं रस्त्यात दिसली की आम्ही मान हलवून पुढे जायचो. ती म्हणाली, “आ ना दीदी, एक झन कम पड़त हे.” एक जण कमी पडतेय.

मी नाही म्हणणार होते. तोंडातून हो कसं गेलं ते सांगता येणार नाही.

मैदानावर निम्म्या बायका साडीत होत्या, पदर खोचलेल्या. त्यांतल्या बऱ्याच जणी आधी फुगडी खेळून आलेल्या. इथली फुगडी आपल्यासारखी हात धरून गरगर फिरायची नसते. इथे उकिडवं बसून एक पाय पुढे, एक मागे असे भराभरा बदलत राहतात, दम संपेपर्यंत. माझी आजी याला बसफुगडी म्हणाली असती. अशी फुगडी घातलेल्या बाईला पाटीवर बसवा आणि खो द्या. ती उठते तेव्हा जमिनीनंच तिला वर फेकलं असं वाटतं. मी चौरसात बसले आणि शेजारच्या चाळिशीला टेकलेल्या बाईकडे पाहत राहिले. ती समोर बघत होती, पण ऐकत होती मागचं. कुठली पावलं आपली आणि कुठली त्यांची, हे तिला बहुधा कानानंच कळत होतं. खो मिळायच्या आधीच तिचा सगळा भार पुढच्या पंजांवर आलेला असे.

इतकी वर्षं मी पाटीवर बसले होते आणि हे कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कशी? मी स्वतःच्या पाठीवर पहारा देत होते. पळणारी एकटी खेळते. तिचं कौतुक होतं, व्हायलाही हवं. पण खेळ घडतो तो बसलेल्यांच्या ओळीत. समोरून, हातभर अंतरावरून गडी जातो आणि त्याला हात लावायची परवानगी नसते. थांबायचं, आणि नेमक्या वेळी उठायचं. त्यासाठी मन जागेवर असावं लागतं. माझं मन तिथे नव्हतं, म्हणून मला ते बसणं शिक्षा वाटलं, आणि शिक्षा वाटलं म्हणून मी खेळाला दोष दिला. दोष खेळाचा नव्हता. एका पांढऱ्या कापडाचा होता, आणि त्याबद्दल तोंड न उघडणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांचा होता. माझाही होता, पण तो वेगळा.

त्या सामन्यात माझ्या मागून खो आला तो तिनंच दिलेला. नेमका वेळेवर. मी उठले आणि गडी समोरच होता, फक्त हात पुढे करायचा होता. एवढा चोख खो मला शाळेतही कोणी दिला नव्हता. पुढच्या फेरीत आम्ही हरलो.

महिनाभरानं बातमी वाचली की विम्बल्डननं पुढच्या वर्षापासून महिला खेळाडूंना पांढऱ्या पोशाखाच्या आतून गडद रंगाची चड्डी घालायची मुभा दिली. पाठोपाठ २०२३मध्ये इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघानं पांढरी शॉर्ट सोडून निळी घेतली. ज्यांच्याकडे डॉक्टर आहेत, प्रशिक्षक आहेत, पैसा आहे, त्यांनाही हे बोलायला इतका उशीर लागला. हे वाचून मला दिलासा मिळाला की राग आला, हे अजून ठरत नाही. दोन्ही असावं.

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी दक्षिण कोरियाला १७५–१८ असं हरवलं, अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४०, आणि कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची. टीव्हीवर दिसत नाही हे माझं वाक्य तिथे संपलं. पण माझं मत या झगमगाटानं बदललं असं कोणी समजू नये, ते दोन वर्षं आधीच बदललं होतं. उलट नव्या खेळातली एक गोष्ट मला पटत नाही. कोणत्याही दिशेला धावू शकणारा तो ‘वजीर’. त्यानं खेळ वेगवान होतो, प्रेक्षकांना आवडतो, मान्य. पण तोंड ज्या दिशेला तिकडेच उठायचं, या बंधनातूनच बसणाऱ्या जणींचं शहाणपण आलेलं आहे. ते एकीसाठी सैल केलं की बाकीच्या पुन्हा नुसत्या बसलेल्या होतात. या बाबतीत मी हट्टी आहे.

आता आठवड्यातून तीन संध्याकाळी आम्ही दोघी गल्लीतल्या मुलींना खेळवतो. हाफ पॅन्टी गडद निळ्या, तिनंच शिवलेल्या. नव्या मुलीला पाटीवर बसवण्याआधी मी बाजूला घेते आणि मला कोणी सांगितलं नव्हतं ते सगळं सांगते, पॅडपासून. काही जणी लाजून पळतात, दुसऱ्या दिवशी परत येतात. मामेभावाच्या मुलीच्या आईलाही फोन करून झाला. मुलगी बॅडमिंटनमध्ये रमली आहे.

त्या दोन उशिरा दिलेल्या खोंबद्दल मी तिला अजून बोललेले नाही. तिला ते तेव्हाच कळलं होतं, याबद्दल मला शंका नाही. ती मराठी वाचत नाही. हे छापून आलं की अंक घेऊन तिच्या शिलाई मशीनपाशी बसणार आहे, आणि ओळ न ओळ हिंदीत करून तिला वाचून दाखवणार आहे.