दिलेला भाव

बँकेच्या नोकरीत पस्तीस वर्षे दुसऱ्यांचे परकीय चलन मोजले. ते स्वतःच्या खिशात घेऊन हिंडण्याचा योग मात्र निवृत्तीनंतर आला. गेल्या ऑक्टोबरात सौ.सह मोरोक्कोला जाऊन आलो. आपल्यापैकी कोणी तिकडे निघणार असेल, तर दोन-चार गोष्टी आधी कानावर असाव्यात म्हणून हे लिहीत आहे.

पहिली गोष्ट पैशाची. मोरोक्कोचे दिरहम देशाबाहेर सहसा मिळत नाहीत. ते तेथे पोहोचल्यावर घ्यावेत आणि उरलेले निघण्यापूर्वी बदलून टाकावेत. त्या वेळी पावती लागते, म्हणून पहिल्या दिवसापासून ती जपावी. माझ्या पावत्या जपण्याच्या सवयीला सौ. जन्मभर हसली, परतताना विमानतळावर हसली नाही.

दुसरी गोष्ट जेवणाची. भाज्यांचा कुसकुस म्हणून जे समोर येते, ते पुष्कळदा मांसाच्या रश्श्यावर शिजवलेले असते. तेव्हा ‘मांस आहे का’ एवढेच विचारून भागत नाही, रस्सा कशाचा हेही विचारावे. मिठायांत मध सढळ हाताने असतो. कांदा-लसूण आणि कंदमुळे तर सर्वत्रच. आम्ही भाकरीसारखा गोल पाव, ऑलिव्ह, संत्री, खजूर, बदाम आणि घरून नेलेले खाखरे यांवर आनंदात राहिलो. हॉटेलांत रात्रीचे जेवण उशिरा सुरू होते, त्यामुळे चौविहार पाळणाऱ्यांनी आपली सोय दुपारीच करून ठेवावी.

आता फेस शहराविषयी. त्याची जुनी तटबंद वस्ती १९८१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. आत मोटारी नाहीत. माल खेचरांच्या पाठीवरून येतो आणि मागून ‘बालक, बालक’ अशी आरोळी आली की भिंतीला चिकटून वाट द्यायची. शुक्रवारी दुपारी बरीच दुकाने बंद असतात. चामडे कमावण्याचे हौद पाहण्यास वाटाड्ये आग्रहाने नेतात. आम्ही नम्रपणे नकार दिला. त्याऐवजी नज्जारीन चौकातील जुना फोंदूक जरूर पाहावा. खाली जनावरे आणि माल, वर व्यापाऱ्यांच्या खोल्या, मध्ये चौक. पिढ्यान्‌पिढ्या पेढ्यांवर वाढलेल्या आपल्या लोकांना त्या वास्तूत परके वाटणार नाही.

सफ्फारीन चौकात तांब्यापितळेचे काम चालते. तो ठोक्यांचा नाद ऐकून पुण्याची तांबट आळी आठवली. तेथे एका वृद्ध दुकानदाराकडील पितळी तबक सौ.ला आवडले. त्याने आठशे दिरहम सांगितले, मी तीनशे म्हणालो. चहा आला, घासाघीस झाली आणि साडेचारशेवर सौदा ठरला. खिशात तेवढी रोकड नव्हती. तासाभरात येतो म्हणून हात मिळवला आणि निघालो. पुढच्याच गल्लीत अगदी तसेच तबक दिसले. त्याने आपणहून सांगितलेला भाव होता तीनशे ऐंशी.

मी थांबलो. खरे सांगतो, मनाने ते तबक घेतलेही होते. परक्या गावात आपल्याला कोण ओळखते? सौ. एवढेच म्हणाली, “मामंजी असते तर?” माझे वडील कापडाचे व्यापारी. तोंडी ठरलेल्या भावावर त्यांनी नुकसान सोसल्याचे मी लहानपणी पाहिले आहे. त्या वेळी आईशी झालेले त्यांचे भांडणही आठवते.

पैसे काढून परतताना वाट चुकली. सूर्य कलला होता. आणलेले खाखरे हॉटेलवर होते. परत दुकानी गेलो तर सौ.चे संध्याकाळचे जेवण चुकणार हे उघड होते. उद्या येऊ, असे मी सुचवून पाहिले. ती पुढे चालू लागली.

दुकानाची एक फळी लागली होती. तबक वर्तमानपत्रात बांधून बाजूला ठेवलेले होते. म्हाताऱ्याने पैसे न मोजताच पेटीत टाकले आणि पुन्हा चहा ओतला. तेवढ्यात मशिदीतून मगरिबची बांग झाली. सौ.ने छातीवर हात ठेवून पेला नाकारला. त्याचा चेहरा उतरलेला पाहून मी इंग्रजी जाणणाऱ्या त्याच्या मुलाला सांगितले, की सूर्यास्तानंतर ती सकाळपर्यंत पाणीसुद्धा घेत नाही. मुलाने अरबीत समजावले. म्हातारा क्षणभर विचारात पडला, मग मोठ्याने हसला. मुलाने भाषांतर केले, “वडील म्हणतात, रमजानात आमचे ज्या घटकेला सुरू होते, त्याच घटकेला तुमचे संपते.”

अंधार पडला होता. मुलगा हातात तबक घेऊन आम्हांला बाब बू जलूदच्या वेशीपर्यंत सोडायला आला.