एक मादी पुरते

आमच्या इमारतीमागे सिमेंटचा उघडा हौद आहे. बोअरचं पाणी आटलं की टँकर तिथे रिकामा होतो. बोम्मसंद्रा म्हणजे बंगळुरातल्या पिवळ्या मेट्रोचं शेवटचं स्टेशन आणि भोवती कारखाने. कामगारांच्या आमच्या गल्लीत असे हौद बरेच. डेंगीचा डास अंडी घालतो तो अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. गेल्या पावसाळ्यात तळमजल्यावरच्या अक्कांचा नातू आठ दिवस दवाखान्यात होता. रोज संध्याकाळी सगळी इमारत त्याच्या प्लेटलेट्सचा आकडा विचारायची. तो घरी आला त्याच आठवड्यात हौदात दहा गप्पी मासे आले.

हे नाव ऐकून मराठी माणसाला गप्पा आठवतात, पण ते आहे त्रिनिदादच्या रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी यांचं आडनाव. नर जेमतेम ३ सेंटिमीटरचा, रंगीत शेपटीचा. मादी मोठी आणि राखाडी. बहुतेक मासे पाण्यात अंडी घालून मोकळे होतात. गप्पीची अंडी मात्र आईच्या पोटातच फळतात आणि वाढतात. साधारण ४ आठवड्यांनी पिल्लं बाहेर येतात ती पोहतच. आईला त्यांची ओळख नसते. समोर आलं तर ती पिल्लूही गिळते.

मला नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. नराची एकदा भेट झाली की मादी त्याचे शुक्रजंतू कित्येक महिने शरीरात जपून ठेवते. पुढे नर नसला तरी ती एकामागून एक विणी देत राहते. नव्या पाण्यात वस्ती वसवायला अशी एक मादी पुरते.

म्हणूनच मलेरियाविरुद्ध गप्पी कामाला लागला. कर्नाटकातल्या खेड्यांत तो विहिरींत सोडला गेला. त्याचा भाऊबंद गॅम्बुसिया १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणला गेला, तोही डासांसाठीच. आज तो जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत आहे.

दिवाळीपर्यंत आमचा हौद माशांनी गजबजला. अक्का कन्नडमध्ये म्हणाल्या, "थोडे हेब्बगोडीच्या तळ्यात सोडून येऊ. तेवढंच पुण्य." मी निपाणीची, त्यांची भाषा मला येते. म्हटलं, "नको अक्का. तळ्यात नको."

गप्पी फक्त डासांच्या अळ्या खात नाही. इतर माशांची अंडी आणि कोवळी पिल्लंही खातो. अळ्या खाणारा पॅनचॅक्स तर आपल्याकडे आधीपासून आहे. शिवाय गप्पी झपाट्याने बदलतो. त्रिनिदादमध्ये शास्त्रज्ञांनी काही गप्पी मोठ्या शिकारी माशांपासून दूर, वेगळ्या ओढ्यात हलवले. ११ वर्षांत त्यांचे वंशज उशिरा वयात येऊ लागले आणि कमी, पण मोठी पिल्लं देऊ लागले. बंगळुरातली तळी राजकालुव्यांनी एकमेकांना जोडलेली. एका तळ्यात सोडलेली मादी त्याच तळ्यात राहील, असं कोण सांगणार?

अक्कांना पटायला दोन दिवस लागले. नातवाच्या जिवासाठी आणलेले मासे. ते वाईट कसे, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. मासे वाईट नाहीतच. हौदाला भिंती आहेत तोवर ते आपले आहेत.

आता जादा पिल्लं गल्लीतल्या इतर हौदांत जातात. नातू ती बाटलीत भरून नेतो आणि देण्याआधी प्रत्येक घरी विचारतो, "तुमच्या हौदाचं पाणी भरून वाहिलं की जातं कुठे?"