खाडा

टॅक्सीच्या काचेवरून पाऊस ओघळतोय. वायपर तो पुसतोय, आणि पुसल्या क्षणी काच पुन्हा भरून येतेय. पलीकडे समुद्र असावा, पण डोळ्यांना दिसतो तो नुसता करडा ओलेपणा. चित्र थरथरतं, कारण कॅमेरा धरलेला हात सराईत नाही. त्या हाताच्या मागून एका मुलीचा आवाज येतो. नुकतंच लग्न होऊन ती या शहरात आली आहे आणि दूर राहिलेल्या भावाला काय दाखवू नि काय नको असं तिला होऊन गेलंय. किरण रावचा ‘धोबी घाट’ या पावसातून उघडतो. २०११च्या जानेवारीत मी तो पाहिला. मध्यंतर नव्हतं, जेमतेम दीड तासाचा खेळ होता. बाहेर आले तेव्हा रस्त्यावर लख्ख कोरडी दुपार होती आणि मला उगाचच वाटत राहिलं की आपण ओल्या झालो आहोत.

चारच माणसं आहेत त्यात. अरुण चित्रकार, एकटा, स्वतःच्या घुम्या स्वभावाला कंटाळलेला. शाई अमेरिकेतून आलेली, बँकेतल्या मोठ्या नोकरीतून रजा घेऊन शहराचे फोटो काढत हिंडणारी. मुन्ना बिहारहून आलेला धोबी. तो दिवसा लोकांचे कपडे धुतो, रात्री काठी घेऊन उंदीर मारतो आणि मनात हिंदी सिनेमातला नट होऊन वावरतो. आणि ती टॅक्सीतली यास्मिन, जी आता तिथे नाही. जुन्या मुंबईतल्या ज्या खोलीत अरुण राहायला येतो, तिथे तिच्या मागे राहिलेल्या तीन टेप्स त्याला सापडतात. भावाला लिहिलेली पत्रंच ती, शाईऐवजी उजेडाने लिहिलेली. ती पोचतात मात्र एका अनोळखी पुरुषाला.

मग तो पाहत बसतो. मला त्या सिनेमातलं सगळ्यात जास्त काही आठवत असेल तर हे पाहत बसणं. अंधाऱ्या खोलीत एक माणूस आणि पडद्यावर हसणारी, बोलणारी, हळूहळू हसणं विसरत जाणारी एक बाई. दोघं एकाच खोलीत आहेत, त्याच भिंतींच्या आत, त्याच खिडकीच्या उजेडात. मध्ये फक्त काही महिने आहेत.

फक्त काही महिने.

मी मुंबईत आले ती २००९च्या जूनमध्ये, साताऱ्याकडून, एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन. गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. आधीच्या भाडेकरूचं सामान मालकाने हलवलं होतं, पण भिंतींना ते अजून आठवत होतं. कपाट होतं तिथे रंगाचा चौकोन उजळ राहिलेला, फोटो होते तिथे खिळे, देव होते तिथे तेलकट काजळीची एक कमान. आणि मोरीच्या दाराशी, चुकून की मुद्दाम कोण जाणे, त्या सालचं कालनिर्णय तसंच लटकत होतं, मे महिन्यावर उघडं.

त्यावर दुधाचा हिशोब होता. ज्या घरात दूध मापाने घेतलं जातं तिथल्या बायकांना ही लिपी वेगळी शिकवावी लागत नाही. प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक पेन्सिलीने अर्धा लिटरची खूण. ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या दिवशी फुली, म्हणजे खाडा. पहिल्याच रात्री, पंखा नव्हता, झोप नव्हती, बाहेर पागोळ्यांचा एकसारखा टपटपाट, मी विजेरी धरून ते कालनिर्णय जानेवारीपासून उलटत गेले. संक्रांतीला एक लिटर. फेब्रुवारीत सलग चार फुल्या, कुठेतरी गेल्या असणार, कोणाकडे तरी. पाडव्याला दोन लिटर, आणि आकड्याखाली अधोरेखित करणारी एक रेघ. ती रेघ पाहून मला इतकं बरं वाटलं की जणू मलाच जेवायला बोलावलं होतं. एप्रिलच्या मध्यापासून अर्ध्याचा पाव झाला. पाव लिटर, पाव लिटर, खाडा, पाव लिटर. खूण वाकडी होऊ लागली, चौकोनाबाहेर जाऊ लागली. मेच्या अकरा तारखेनंतर फुलीसुद्धा नाही.

नुसते छापलेले दिवस.

सकाळी शेजारच्या काकूंना मी विचारलं, “माझ्या आधी इथे कोण राहायचं?” त्या गॅलरीत तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “एकट्याच होत्या गं बाई. गेल्या मे महिन्यात.” मी ‘बरं’ म्हटलं आणि डबा घेऊन गाडीला निघाले. चर्नी रोडच्या जिन्यावर गर्दीत रेटली जाताना ते वाक्य माझ्या आत उलगडलं. गेल्या. आपल्या भाषेत गावाला निघालेलं माणूस जातं आणि कायमचं निघालेलंही जातंच. क्रियापद एकच. कुठे गेल्या, एवढे दोनच शब्द संध्याकाळी परत येऊन विचारायचे होते. ते मी त्या संध्याकाळी विचारले नाहीत, दुसऱ्याही नाही. आणि मग अशी वेळ येते की इतक्या दिवसांनी विचारणंच विचित्र वाटायला लागतं.

काही माहीत नसलं की दोन्ही शक्यता घरात राहतात. पहाटे मोरीत पाणी भरताना मला वाटे, त्या कोकणात भावाकडे गेल्या असतील, अंगणात बसून फणसाचे गरे काढत असतील. रात्री वाटे, याच खोलीत.

‘धोबी घाट’मधल्या माणसांचं एकमेकांकडे पाहणं पुढे कितीतरी दिवस माझ्या मनात घोळत राहिलं. मुन्ना शाईकडे पाहतो, शाई अरुणकडे. समोरच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीत उभी राहून ती कॅमेऱ्याच्या लांब भिंगातून त्याला न्याहाळते. अरुण यास्मिनकडे पाहतो आणि यास्मिन शहराकडे, समुद्राकडे, भावाकडे. सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला, लोकलच्या दारात उभ्या असलेल्या माणसांसारखे. पुढच्याची पाठ प्रत्येकाला दिसते, पण मागे वळून कोणी पाहत नाही. म्हणून प्रत्येकाचा चेहरा पाहणारं कोणी ना कोणी तिथे असतं आणि त्या चेहऱ्याच्या धन्यालाच ते कळत नाही. एवढ्या मोठ्या शहरात आपण कोणाच्या तरी डोळ्यांत रोज असतो.

आणि अरुणच्या शेजारी राहणारी ती म्हातारी, जी काहीच बोलत नाही. यास्मिनच्या टेपवर ती दिसते आणि अरुण राहायला येतो तेव्हाही तशीच नजर रोखून असते. सगळं पाहिलेलं एकच माणूस, आणि त्याचे ओठ मिटलेले. तिला पाहताना मला आमच्या काकूंचं न वर झालेलं डोकं आठवलं. त्यांना तरी ते ‘गेल्या’ सोपं गेलं असेल का? तेव्हा मला वाटलं होतं, किती कोरडेपणाने सांगितलं. आता वाटतं, तांदळात बघत राहिल्या म्हणून तर सांगू शकल्या.

मुन्ना शाईच्या घरी येतो तेव्हा तिथे काम करणारी ॲग्नेस चहा आणते, शाईसाठी कपात आणि मुन्नासाठी ग्लासात. शाई सहज हात पुढे करते आणि ग्लास स्वतः उचलते. काही बोलत नाही कोणी. मी खुर्चीत अवघडून बसले. आमच्या गावच्या घरी पडवीच्या खिडकीत एक कान तुटलेला कप कायम उपडा असे. धुणं न्यायला येणाऱ्या परटीणकाकींचा. त्या स्वतः तो कप विसळायच्या, पायरीवर बसून चहा प्यायच्या, पुन्हा विसळून होता तसा उपडा ठेवायच्या. आमच्या अंगावर जे जे होतं, शाळेचे गणवेश, आजोबांची धोतरं, आईचं न सांगता येणारं दुखणं, ते सगळं त्यांच्या हातून जात होतं. वडिलांचा परीटघडीचा सदरा म्हणजे आमच्या घराची अब्रू, आणि ती घडी घालणारे हात पायरीच्या वर आले नाहीत. कोणत्या घरचा कपडा कोणता हे त्या कॉलरच्या आतल्या बिब्ब्याच्या खुणेवरून ओळखत. बिब्ब्याचा रस आणि चुना. ही खूण कितीही आपटा, उकळा, उन्हात टाका, जात नाही. गावातल्या प्रत्येक घराची खूण त्यांना पाठ होती. मला त्यांचं नावही माहीत नव्हतं.

सिनेमा पाहिल्यावर पुढच्या रविवारी मी महालक्ष्मीला उतरले. रोज गाडीतून झर्रकन मागे पडणारा तो घाट पुलाच्या कठड्याशी उभं राहून पाहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासूनची ती जागा आहे. सिमेंटच्या हौदांच्या रांगांवर रांगा, प्रत्येक हौदाला आपटायचा दगड, गुडघाभर पाण्यात उभी माणसं, भट्ट्यांची वाफ, साबणाचा आणि निळीचा वास. वर दोऱ्यांवर शहर वाळत होतं. हॉस्पिटलच्या हिरव्या चादरी, हॉटेलांचे पांढरे अभ्रे, कुणाच्या तरी निळ्या जीन्सचा अख्खा ताफा. चिमटा कुठेच नाही. दोन दोऱ्या एकमेकींत पिळलेल्या असतात, त्या पिळात कपड्याचं टोक खोचून देतात, वारा कितीही सुटला तरी तो सुटत नाही. एका माणसाला मी बराच वेळ पाहत होते. पिळाची एक गाठ तो अंगठ्याने उघडी, ओल्या सदऱ्याचं टोक आत सरकवी, बोट काढून घेई. एवढंच, पुन्हा पुन्हा, दोरीच्या शेवटापर्यंत. त्याने वर पुलाकडे पाहिलं नाही. पाहायचं तरी किती? पुलावर आमच्यासारखे कॅमेरेवाले कायमच असतात.

जवळच्या सात रस्त्याच्या चौकाला संत गाडगे महाराजांचं नाव आहे. परटाच्या घरी जन्मलेला तो माणूस हातात खराटा घेऊन गावोगाव फिरला. घाटापासून इतक्या जवळ ते नाव असावं याचं मला त्या रविवारी फार समाधान वाटलं. का, ते सांगता यायचं नाही.

त्या संध्याकाळी मी ठरवून काकूंचं दार वाजवलं. दीड वर्षाने का होईना, विचारणार होते. दार एका अनोळखी मुलाने उघडलं. काकू मुलाकडे गेल्या होत्या, बदलापूरला. ‘गेल्या’ हे क्रियापद त्याने उच्चारलं तेव्हा मी लगेच म्हटलं, “बऱ्या आहेत ना?” तो हसला, हो म्हणाला. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याबरोबर गाडीत बसून निघून गेलं होतं.

शेवटच्या टेपवर यास्मिन निरोप घेते. पाहणारा माणूस हादरतो, धावून जावं असं त्याच्या अंगभर उठतं, आणि धावायला जागाच नसते. जे थांबवायचं ते कधीच घडून गेलेलं. तो ती खोली सोडतो. मला मात्र राहून राहून वाटतं की कोणीतरी शेवटपर्यंत पाहिलं, मध्येच बंद केलं नाही, हेही त्या मुलीला पोचलं असावं. पत्रावर पत्ता भावाचा होता, पण वाचणारा डोळ्यांत पाणी आणून वाचत होता. मीही त्या कालनिर्णयातली पाव लिटरची शेवटची वाकडी खूण बोटाने चाचपली होती. पेन्सिल दाबून धरलेली. कागदाच्या मागच्या बाजूला तिचा उंचवटा लागत होता.

सिनेमाच्या अखेरीस मुन्ना धावतो. अरुणचा नवा पत्ता माहीत असून त्याने आधी तो शाईला दिलेला नसतो. मग गाड्यांच्या गर्दीतून, भोंग्यांतून, उन्हातून तो तिच्या गाडीमागे जिवाच्या आकांताने पळत सुटतो आणि तो पत्ता तिच्या हाती देतो. आपल्याला जी हवी तिला दुसऱ्याच्या दारापर्यंत पोचवण्यासाठी. गुस्तावो सांतावलाया या अर्जेंटिनी संगीतकाराच्या तारांचा तो हळवा, किंचित परका नाद अजूनही कानाशी आला की मला मुन्नाची छाती वरखाली होताना दिसते. दम लागलेला असतो. आणि चेहऱ्यावर हसू.

आता मी उपनगरात राहते, सातव्या मजल्यावर. लिफ्ट आहे, दूध पिशवीतून येतं, दाराच्या कडीला अडकवलेलं असतं. समोरच्या दारामागे एक आजोबा राहतात. आमची ओळख म्हणजे लिफ्टमधला नमस्कार. आज सकाळी नऊ वाजता कचरा ठेवायला दार उघडलं तर त्यांची पिशवी अजून कडीलाच होती, घामेजलेली, खाली फरशीवर पाण्याचा छोटासा गोल झालेला. एरवी सहाला ती आत जाते. मी परत आत आले. गॅस बंद केला. पुन्हा बाहेर आले, पिशवी काढून हातात घेतली. कोमट झाली होती. बेल दाबली.

आत खूप लांबवर काहीतरी सरकलं. चपला असाव्यात. मग त्या दाराच्या भोकातला उजेड हळूच विझला, म्हणजे पलीकडून डोळा लागला होता.

“कोण?”