सुट्टी, विंचू आणि संशोधन

परीक्षा जवळ आली की हॉस्टेलवर एकच विषय : सुट्टीत काय करणार? कुणी क्लास लावतो, कुणी कंपनीत ट्रेनिंग शोधतो. मला वैद्यकीय संशोधन करायचंय. "अरे, तू इंजिनिअर की डॉक्टर?" असं रूममेटने विचारलं, की मी त्याला आपल्या रायगडातलीच गोष्ट सांगतो.

कोकणात उन्हाळा हा विंचवांचाही हंगाम. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसं डोळ्यांदेखत दगावत. ते रुग्णांजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम सारं टिपत राहिले. या विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. त्यांची निरीक्षणं १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे रक्तदाबावरच्या साध्या प्राझोसिन गोळीने त्यांनी कित्येकांचे प्राण वाचवले.

आता सांगा, रात्रभर नाडी नि ऑक्सिजन मोजणं हे आपल्या सेन्सरचं काम नाही का?

देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांची दोन महिन्यांची समर फेलोशिप इंजिनिअरिंगवाल्यांनाही मिळते. पण अर्ज आदल्या हिवाळ्यातच भरायचा. मे महिन्यात जाग येऊन उपयोग नाही. आणि काय करायचंय, तेही लिहावं लागतं. नुसत्या मार्कांवर भागत नाही, आपला असा एक प्रश्न लागतो.

माझा प्रश्न ठरलाय : गावच्या दवाखान्याला परवडेल असं, विंचूदंशाच्या रुग्णावर रात्रभर लक्ष ठेवणारं यंत्र. तुमचा कोणता?