यंत्र लावण्यापूर्वी

तुळशीची लग्नं लागली की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येऊ लागतो, ‘मॅडम, लग्नाआधी पॉलिशिंग करून घेऊ का?’ विचारणारी कधी नवरी असते, कधी तिची आई. अलीकडे नवरदेवही येतात. त्यांना हवं असतं ते मायक्रोडर्माब्रेजन. मला मात्र लगेच ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणता येत नाही. आधी चेहरा खिडकीच्या उजेडात बघावा लागतो, बोटांनी चाचपावा लागतो, बरंच काही विचारावं लागतं. या उपचारातलं खरं कसब यंत्र फिरवण्यापेक्षा या तपासणीत जास्त आहे, असं मी मानते.

ही पद्धत १९८५ साली इटलीत सुरू झाली. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक स्फटिक त्वचेवर सोडायचे आणि सुटलेल्या पेशींसकट लगेच नळीने ओढून घ्यायचे, अशी तिची मूळ रचना. आता अनेक ठिकाणी हिऱ्याचे कण बसवलेलं टोक वापरतात. स्फटिक उडून डोळ्यात जाण्याचा धोका त्यामुळे टळला. टोक कोणतंही असो, झिजतो तो प्रामुख्याने सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर. चेहऱ्यावर तो साधारण १० ते २० मायक्रॉनचा असतो आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केससुद्धा त्याहून कितीतरी जाड. सगळा निर्णय या आकड्यापाशी येऊन थांबतो.

त्वचा निस्तेज आणि खरखरीत झाली असेल, नाकाच्या कडांना काळे ठिपके साचले असतील, डोळ्यांच्या कोपऱ्यात अगदी बारीक रेषा दिसू लागल्या असतील, तर तक्रार वरच्या थरातली आहे आणि यंत्राचा उपयोग होतो. मुरमांनी पाडलेले खोल खड्डे मात्र खालच्या थरात असतात. तिथवर हे यंत्र पोहोचतच नाही. वांगाचंही तसंच. गालांवरचा तो तपकिरी डाग कधी वर असतो, कधी खोल उतरलेला असतो, म्हणून मी तो वूड्स लॅम्पच्या उजेडात पाहते. आणि वांग वरचा असला, तरी सगळ्यात आधी उन्हापासून बचाव आणि औषधं. घासणं कधीच पहिलं नाही.

काळवंडलेली मान दाखवून ‘हीसुद्धा पॉलिश करा’ म्हणणारे पुष्कळ असतात. मान मखमलीसारखी जाड आणि काळी झाली असेल, तर बहुतेकदा शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसतं. अशा वेळी मी यंत्राऐवजी रक्तातली साखर तपासायची चिठ्ठी देते. माणूस थोडा नाराज होतो, पण त्याच्या मानेने दिलेली सूचना पुसून टाकणं हा उपचार नव्हे. खांद्या-पाठीवरचा काळेपणा तर अनेकदा नायलॉनच्या घासणीने रोज खसाखसा चोळल्यामुळेच आलेला असतो. तिथे घासणी टाकून देणं हाच उपचार.

आपल्या त्वचेबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हाला त्वचा कशी प्रतिसाद देते यावरून तिचे प्रकार पाडले. ते मुळात गोऱ्या कातडीसाठी होते. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे प्रकार नंतर जोडले गेले. आपल्यापैकी बहुतेक जण चौथ्या-पाचव्या प्रकारात येतात. या त्वचेला जरा दुखावलं की ती रंगद्रव्य ओतून उत्तर देते. लाली ओसरते आणि तिच्या जागी काळा डाग उरतो, तो महिनोन्‌महिने जात नाही. उजळ दिसायला आलेला माणूस डाग घेऊन परत जाऊ नये, यासाठी हात हलका ठेवावाच लागतो.

म्हणून माझे प्रश्न ठरलेले आहेत. सध्या पिकलेले मुरूम आहेत का? तापात ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात का? मुरमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या घेतल्या का? जखमेचा व्रण फुगून वाढतो का? या आठवड्यात वॅक्सिंग किंवा ब्लीच झालंय का? आणि शेवटचा प्रश्न, जो मी आवाज खाली आणून विचारते, ‘गोरं होण्यासाठी मेडिकलमधून एखादी ट्यूब आणून लावतेस का गं?’ अशा कितीतरी ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. ते महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, उन्हात चेहरा भाजल्यासारखा होतो. त्या चेहऱ्यावर यंत्र लावणं म्हणजे जखमेवर घाव. आधी ट्यूब डॉक्टरच्या देखरेखीखाली सुटली पाहिजे, मग त्वचा सावरेपर्यंत थांबलं पाहिजे.

सगळी उत्तरं अनुकूल आली तरच मी यंत्र हातात घेते. डाव्या हाताच्या बोटांनी त्वचा ताणून धरायची, उजव्या हाताने टोक एकाच लयीत पुढे न्यायचं. डोळ्यांभोवती आणि ओठांच्या वर दाब कमी. गोऱ्या चेहऱ्यावर उमटणारी गुलाबी छटा कुठे थांबायचं ते सांगते. सावळ्या चेहऱ्यावर ती पटकन दिसत नाही, म्हणून बोटाला लागणारी ऊब आणि ‘चुरचुरतंय का?’ या प्रश्नाचं उत्तर यांवर भिस्त ठेवावी लागते. रक्ताचा टिपूस दिसला, तर मर्यादा ओलांडलेली आहे.

एका बैठकीत फार काही बदलत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, आणि मधल्या काळात रोज सनस्क्रीन लावणं भाग असतं. ते जमणार नसेल तर सुरुवातच करू नये. लग्न आठवड्यावर आलं असेल, तर पहिला प्रयोग त्या चेहऱ्यावर नकोच.

तक्रार त्वचेच्या कोणत्या थरात आहे आणि त्वचा आज शांत आहे का, ही दोन उत्तरं मिळाल्याशिवाय चेहरा यंत्राखाली देऊ नका. आणि ती न शोधताच जो पॅकेजचा दर सांगतो, त्याच्याकडून हा उपचार घेऊ नका.