कारण : मामाकडे

आमच्या वसतिगृहात रविवारी बाहेर पडताना रजिस्टरात सही करावी लागते. नाव, वेळ आणि शेवटचा रकाना 'कारण'. पहिलं सबंध वर्ष मी त्या रकान्यात 'मामाकडे' असं लिहीत होते. नगरात मला मामा नाही. (२०२४ मध्ये शहराचं अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडी नगरच.) मी उपासनेला जात होते.

ख्रिस्ती असण्याची लाज नव्हती. पण ख्रिस्ती म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे आधीचे कोण?" गावात तो कुणी विचारत नाही, आमचं घर कुठल्या आळीत ते सगळ्यांना ठाऊक असतं. कॉलेजची पायरी चढलेली मी घरातली पहिलीच. इथं मला नुसतीच एक मुलगी म्हणून राहायचं होतं.

पाळकसाहेब सांगत, शेजाऱ्याला साक्ष द्या. मी मान डोलवायची. आणि शेजारच्या कॉटवरच्या मैत्रिणीशी तेवढंच सोडून सगळं बोलायची. तिच्या गळ्यात तुळशीची माळ, घरी पिढ्यान्‌पिढ्यांची वारी.

डिसेंबरातल्या एका रविवारी ती म्हणाली, "अगं, मलाही ने ना मामाकडे. मेसचं जेवून वीट आलाय."

झालं! एक चप्पल पायात, एक हातात, अशी मी उभी. मग सगळं सांगून टाकलं. साक्ष कसली, कबुलीजबाबच तो! तिनं ऐकून घेतलं नि म्हणाली, "मग चल की. तिथं जेवायला देतात का?"

त्या दिवशी टिळकांचं भजन होतं. पेटी, तबला, टाळ. तिचा हात आपोआप मांडीवर ठेका धरू लागला. दुसऱ्या कडव्याला कुणीतरी तिच्या हाती टाळच दिले. बाहेर आल्यावर म्हणाली, "हे तर आमच्यासारखंच गं!" मी रुबाबात सांगू लागले : रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

"टिळकांचं कळलं," ती म्हणाली, "तुमचं कसं?"

तोच प्रश्न. पण या वेळी मी उत्तर दिलं. खापरपणजोबा गावकुसाबाहेरचे. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर ते ख्रिस्ती झाले. गाव म्हणालं, पोटासाठी बाटले. आजी सांगायची, भाकरी मिळाली हे खरंच. पण मिशनच्या विहिरीवर त्यांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पाणी शेंदलं.

ती बराच वेळ गप्प चालली. मग म्हणाली, "ते त्यांचं झालं. तू कशासाठी?"

दोन चौक ओलांडले तरी मला उत्तर सुचेना. साक्ष द्यायला निघालेली मी! शेवटी म्हटलं, "रात्री प्रार्थना केल्याशिवाय मला झोप येत नाही."

"मला हरिपाठाशिवाय," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी रकान्यात 'उपासना' लिहिलं. रेक्टरबाईंनी वाचलं, चष्मा वर केला, पण बोलल्या काही नाहीत.

आता आषाढवारीसाठी निवृत्तिनाथांची पालखी नगरवरून जाईल. तिचे आजोबा तिच्याबरोबर चालतात. "येशील ना?" तिनं विचारलंय. मी हो म्हटलं आहे. पाळकसाहेबांना काय सांगायचं, ते मात्र अजून ठरलेलं नाही.