हरायची जागा

लंडनच्या पूर्व भागात बार्किंग रोड आणि ग्रीन स्ट्रीट जिथे मिळतात, त्या नाक्याच्या मागे १९०४ पासून २०१६ पर्यंत वेस्ट हॅम युनायटेड या फुटबॉल क्लबचं मैदान होतं. कागदोपत्री त्याचं नाव बोलिन ग्राउंड. तिथल्या एका जुन्या वाड्यात आठव्या हेन्रीची राणी ॲन बोलिन राहून गेली, अशा दंतकथेवरून ते पडलं. लोक मात्र जवळच्या रेल्वे स्टेशनवरून त्याला अप्टन पार्कच म्हणत. क्लबचा जन्म १८९५ मध्ये टेम्स आयर्नवर्क्स या जहाजं बांधणाऱ्या कारखान्यात झाला. कारखाना १९१२ मध्ये बंद पडला, पण क्लबच्या चिन्हावर रिव्हेट ठोकायचे दोन हातोडे अजून एकमेकांवर आडवे आहेत आणि चाहते संघाला ‘आयर्न्स’ अशीच हाक मारतात. गेलेल्या गोष्टीला धरून बसण्याची सवय या क्लबला पहिल्यापासूनची आहे.

मैदान सुटल्यावर ही सवय आणखी बळावली. संघ हरू लागला की चाहत्यांच्या बोलण्यात अप्टन पार्क येणारच. नवखा माणूस हे ऐकून समजेल की तिथे संघ जिंकत असावा. तसं काही नव्हतं. लीगचं विजेतेपद या क्लबला कधीच मिळालेलं नाही; सर्वांत वरचा क्रमांक तिसरा, तोही १९८५-८६ च्या एकाच हंगामात. एफए कप १९६४, १९७५ आणि १९८० मध्ये मिळाला, युरोपातला कप विनर्स कप १९६५ मध्ये. या चारही स्पर्धांचे अंतिम सामने वेम्ब्लीवर झाले, म्हणजे मोठा करंडक जिंकला तो क्षण अप्टन पार्कने एकदाही पाहिला नाही. त्याने पाहिली ती घसरण. तिथे मुक्काम असताना संघ सहा वेळा वरच्या श्रेणीतून खाली गेला: १९३२, १९७८, १९८९, १९९२, २००३ आणि २०११. त्यातली २००३ ची घसरण सर्वांत जिव्हारी लागणारी. जो कोल, मायकेल कॅरिक, जर्मेन डिफो अशी पोरं संघात होती, ४२ गुण हातात होते, एरवी इतके गुण वाचायला पुरतात, आणि तरी संघ बुडाला.

मग आठवण येते ती कशाची? मुख्यतः अंतराची, किंवा अंतर नसण्याची. अप्टन पार्कच्या पूर्वेकडच्या स्टँडमधली पहिली रांग खेळाच्या रेषेला जवळजवळ चिकटलेली होती. पाहुण्या संघाचा बचावपटू थ्रो-इन घ्यायला आला आणि चेंडू शर्टाला पुसत घटकाभर थांबला, की मागून त्याच्या केसांवर, वजनावर, आईच्या स्वयंपाकावर शेरे सुरू होत, आणि ते त्याला शब्दन्‌शब्द ऐकू जात. घरच्या खेळाडूंची गतही वेगळी नसे. पास चुकला तर चुकवणाऱ्याला ते लगेच, तोंडावर आणि एकेरीत कळे. हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला दुसरं काय हवं असतं? निकाल त्याच्या हातात नसतो. निदान आपला वैताग योग्य कानापर्यंत पोचला, एवढं समाधान त्याला लागतं.

याच बाजूला पूर्वी लाकूड, पत्रा आणि जाळीची एक उभं राहण्याची जागा होती. तिला सगळे ‘चिकन रन’, म्हणजे खुराडं म्हणत. १९६८ मध्ये खुराडं पाडलं आणि तिथे नवा स्टँड आला, तरी नाव टिकलं. हे मुद्दाम सांगायचं कारण असं, की २०१६ मध्ये ज्या ‘जुन्या’ मैदानाला निरोप दिला गेला ते फारसं जुनं उरलंच नव्हतं. चारपैकी तीन स्टँड १९९० नंतर बांधलेले होते. पश्चिमेकडच्या स्टँडला २००१ मध्ये क्लबच्या चिन्हातल्या किल्ल्यासारखे दोन बुरूज लावले, ते तर खेळण्यातले वाटत. पण आठवण बांधकामाचं वय विचारत नाही. पंधरा वर्षांचे बुरूजही तिने शंभर वर्षांच्या हिशेबात धरले.

जागेइतकीच आठवण वाटेचीही आहे. स्टेशनवरून मैदानाकडे जायचं ते ग्रीन स्ट्रीटने. मराठी माणसाला या रस्त्यावर परकं वाटणार नाही: काचेमागे साड्या आणि लेहंगे, सोनारांची दुकानं, मिठाई, भाजीचा बाजार. सामन्याच्या दुपारी याच काचांसमोरून मरून-निळ्या मफलरांचा लोंढा जाई, आणि लग्नाचा बस्ता बांधायला आलेली कुटुंबं दुकानाच्या दारात अंग चोरून उभी राहत. पुढे मांसाचे ‘पाय’ आणि कुस्करलेले बटाटे (‘मॅश’) विकणारी खाणावळ, मग नाक्यावरचा बोलिन टॅव्हर्न हा पब. लोंढ्यातले बरेच जण त्या भागात राहतच नव्हते. त्यांची घरं एक-दोन पिढ्यांपूर्वी पूर्वेकडे, एसेक्समधल्या नव्या वस्त्यांत गेली होती. आजोबांच्या गल्लीत पंधरा दिवसांतून एकदा परत यायला त्यांना मैदान हे एकच निमित्त होतं. मैदान गेलं तसं निमित्त गेलं. या हळहळीत एक कडू धागाही आहे, तो झाकू नये: ‘आपला भाग राहिला नाही’ म्हणणाऱ्या काहींच्या मनात मैदानापेक्षा साड्यांच्या दुकानांबद्दलची नाराजी जास्त असते.

नवं घर जेमतेम चार-पाच किलोमीटरवर, स्ट्रॅटफर्डला. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं हे स्टेडियम क्लबला ९९ वर्षांच्या कराराने मिळालं. फुटबॉलसाठी ते बदलून घ्यायला ३२ कोटी पौंडांहून अधिक खर्च आला. त्यात क्लबचा वाटा दीड कोटी. सुरुवातीचं भाडं वर्षाला २५ लाख पौंड. कराराचा तपशील २०१६ मध्ये उघड झाला तेव्हा कळलं, की मैदानाची निगा, सुरक्षा, गोलचे खांब आणि कोपऱ्यांवरचे झेंडेसुद्धा सरकारी मालकाच्या खर्चात आहेत. क्लबच्या दृष्टीने सौदा झकास होता. सुमारे ३५ हजारांच्या जागी ६० हजार माणसं बसू लागली. फक्त ती बसली धावपट्टीच्या पलीकडे. पुढे सरकवता येणाऱ्या खुर्च्या लावूनही मधे मोकळी जागा उरते. तिथून ओरडलेलं वाक्य खेळाडूपर्यंत पोचेतो नुसता आवाज होतं.

अप्टन पार्कवरचा शेवटचा सामना १० मे २०१६ रोजी मँचेस्टर युनायटेडशी झाला. पाहुण्यांच्या बसवर बाटल्या फेकल्या गेल्या, सामना ४५ मिनिटं उशिरा सुरू झाला, आणि १-२ असा मागे पडलेला वेस्ट हॅम शेवटच्या पंधरा मिनिटांत ३-२ ने जिंकला. विन्स्टन रीडने डोक्याने मारलेला गोल हा तिथला शेवटचा. त्या हंगामात संघ सातवा आला. अशा निरोपाने नव्या जागेचं काम अवघड करून ठेवलं. पुढचं प्रत्येक अपयश त्या एका रात्रीशी ताडून पाहिलं जाऊ लागलं, आधीच्या सहा घसरणींशी नाही.

१० मार्च २०१८ ला बर्नलीविरुद्ध नव्या स्टेडियममध्ये ०-३ अशी हार होत असताना काही चाहते मैदानात घुसले. एकाने कोपऱ्यावरचा झेंडा उपटला आणि मधल्या वर्तुळात नेऊन रोवला. करदात्यांच्या पैशाचा झेंडा, तेव्हा कदाचित त्याचा हक्कही पोचत असेल. कर्णधार मार्क नोबलने आत आलेल्या एकाला आडवं केलं. शेकडो लोक संचालकांच्या कक्षाखाली जमले. क्लबचे मालक आत निघून गेले आणि तिथे ट्रेव्हर ब्रुकिंग, १९८० च्या अंतिम सामन्यातल्या एकमेव गोलचा मानकरी, एकटाच बसून राहिलेला दिसला. भेदरलेल्या लहान मुलांना बर्नलीच्या राखीव खेळाडूंनी आपल्या बाकावर जागा दिली. वेस्ट हॅमचा १९६६ चा विश्वविजेता बॉबी मूर याच्या मृत्यूला २५ वर्षं झाल्याची आठवण त्याच सामन्यात पाळली जात होती.

‘अप्टन पार्कवर हे झालं नसतं’ असं त्यानंतर बरंच म्हटलं गेलं. झालं होतं, अगदी झेंड्यासकट. १९९२ मध्ये एव्हर्टनविरुद्धच्या सामन्यात एक चाहता असाच कोपऱ्यावरचा झेंडा घेऊन मधल्या वर्तुळात गेला आणि बसला. तेव्हाचा राग बाँड योजनेवर होता: मैदानाच्या पुनर्बांधणीसाठी चाहत्यांनी शेकडो पौंडांचे बाँड घ्यावेत, तर हंगामाच्या तिकिटावर हक्क राहील. संघ त्या वर्षी तळाला जाऊन घसरला. आज मात्र तो बसलेला माणूस जुन्या मैदानाच्या प्रेमळ आठवणींत मोडतो, आणि २०१८ चा नव्या जागेविरुद्धच्या पुराव्यात. कृती एकच, राग एकाच प्रतीचा, आणि क्लबही तोच.

ही ओढ संघाच्या निकालांबरोबर चढते-उतरते. ७ जून २०२३ ला प्रागमध्ये फिओरेन्तिनाला २-१ ने हरवून संघाने कॉन्फरन्स लीग जिंकली, १९८० नंतरचा पहिला मोठा करंडक. त्या उन्हाळ्यात धावपट्टीची तक्रार फारशी ऐकू आली नाही. पण विजयाची मिरवणूक मात्र जुन्या मैदानाच्या परिसरातून निघाली आणि स्ट्रॅटफर्डला जाऊन संपली. २०२५-२६ च्या हंगामात घरचे पहिले चारही लीग सामने संघ हरत असताना स्टेडियमबाहेर निदर्शनं झाली, बहिष्कार झाला, आणि अप्टन पार्क पुन्हा बोलण्यात आलं.

त्या जागेवर आता अप्टन गार्डन्स नावाची, आठशेहून अधिक घरांची वसाहत आहे. नाक्यावरचा २००३ चा पुतळा मात्र तिथेच आहे: १९६६ चा विश्वचषक उंचावणारा मूर, त्याला उचलून धरणारे जेफ हर्स्ट आणि रे विल्सन, शेजारी मार्टिन पीटर्स. तिघे वेस्ट हॅमचे, विल्सन एव्हर्टनचा. क्लब गेला तेव्हा पुतळाही हलवायची चर्चा झाली होती, पण तो हलला नाही. शनिवारी दुपारी आता त्याच्यासमोरून ग्रीन स्ट्रीटची खरेदी आटोपलेली माणसं हातात पिशव्या घेऊन बसथांब्याकडे जातात.